उटणे-संरक्षण : प्राथमिक नियमावली

उटण्याचे आयुर्मान वाढविणे हे एक शास्त्र असून नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगाला तेल लागलेले असताना, त्याचा अभ्यास करता येत नाही. तो दसऱ्याच्या सुमारास करावा. पूर्वअट म्हणून अभ्यासकास एक काकू असावी. आम्हांस आहे.

कलम पहिले : वाळवणे. बुरशीला आणि जंतूंना ओल लागते. कोरड्या चूर्णात त्यांची उपासमार होते. म्हणून संत्र्याची साल वाकली तर पुन्हा उन्हात घालावी, कटकन मोडली तरच कुटावी. ऑक्टोबरचे ऊन याच कामासाठी आहे. गुलाबपाकळ्या आणि वाळा मात्र सावलीत वाळवावा, नाहीतर वास उडून जातो.

कलम दुसरे : मिक्सरमधून निघालेले चूर्ण गरम असते. तसेच भरल्यास झाकणाला आतून घाम येतो व पुढील सर्व कलमे निरर्थक ठरतात. ताटात पसरून गार करावे, वस्त्रगाळ करावे, मग भरावे.

कलम तिसरे मसूर डाळीच्या पिठाविषयी आहे आणि इथेच काकूचे आणि माझे वाजते. कचोरा, नागरमोथा, आंबेहळद, मुलतानी माती एवढेच असले तर उटणे नीट झाकून वर्षभर राहते. पीठ पडले की पोरकिड्यांच्या दृष्टीने ते उटणे राहत नाही, पंगत होते. बदामाची पूड घातली तर खवट होते ते वेगळेच. पीठ आयत्या वेळी मिसळावे, असे मी दरवर्षी सांगतो. "सुकं तर आहे, काय होतंय त्याला!" असे ती दरवर्षी सांगते आणि किलोभर मिसळून मोकळी होते. अशा वेळी घट्ट झाकणाचा डबा चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवावा. किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर डबा पूर्ण निवेपर्यंत, म्हणजे उलट्या अर्थाने निवेपर्यंत, उघडू नये. गार पुडीवर हवेतली वाफ धरते.

कलम चौथे : ओला हात घालू नये. घालूच नये.

कलम पाचवे : पात्र व दिनांक. पात्र काचेचे असावे. काकूचे श्रीखंडाचे असते, त्यामुळे आमच्या अंगाला पाडव्यापर्यंत वेलदोड्याचा वास येतो. तारीख लिहिण्याची पद्धत तिच्याकडे नाही. विचारले की "अरे, परवाच तर केलं!" २०१६ची दिवाळी नोटाबंदीच्या थोडे दिवस आधी झाली. नोटा बाद झाल्या. त्या दिवाळीचा डबा आमच्या बाथरूममध्ये अजून चलनात आहे. बाथरूम ही उटणे ठेवण्याची सर्वांत वाईट जागा, कारण रोज सकाळी तिथे वाफ कोंडते. आठवडाभराचे डबीत काढून बाकीचे स्वयंपाकघरात, कोरड्या फडताळात ठेवावे. हे मी घरात किती वेळा सांगितलंय, पण ऐकतंय कोण!

आता खरं सांगायचं तर एका बाबतीत काकू माझ्यापेक्षा शहाणी आहे. ती कचोरा, नागरमोथा अख्खेच आणते आणि करायच्या दिवशीच खलबत्त्यात ठेचते. कुटलं की वास उडायला लागतो. गड्डा अख्खा असेल तर आतला वास आतच राहतो. बाजारातल्या पुड्यांना तो वास नसतो. कोपरापर्यंत पिवळे हात घेऊन ती साऱ्या नातेवाइकांच्या पिशव्या भरते. स्वतः मोती साबण लावते.

कलम सहावे : दुधात किंवा दह्यात कालवलेले उरल्यास टाकून द्यावे. त्याला टिकाऊपणाचा कोणताही नियम लागू नाही.

कलम सातवे : जाळी, गुठळ्या किंवा कुबट वास आढळल्यास चाळून वापरू नये. चाळणीत किडे अडकतात, बुरशी खाली उतरते. २०१६चा डबा ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो कुंडीत रिकामा करावा, आणि काकूला कळवू नये.