काळा शनिवार, मुक्काम नगर

मे महिन्याच्या दुपारी दीड वाजता माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर कुणी काळा टीशर्ट घालून उभा असेल, तर तो एक तर शनिशिंगणापूरला निघालेला असतो, नाही तर मेटलवाला असतो. जवळ गेल्यावर फरक कळतो. पहिल्याच्या हातात तेलाची बाटली असते, दुसऱ्याच्या छातीवर कवटी. दोन्ही दिसलं तर तो अस्सल नगरी मेटलवाला समजावा, कारण या माणसाने दोन्ही देवस्थानं केव्हाच एकत्र केलेली आहेत.

त्याचा लाडका बँड ब्लॅक सॅबथ, आणि त्याबद्दलचा त्याचा युक्तिवाद असा. सॅबथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शनिवार. ब्लॅक सॅबथ म्हणजे काळा शनिवार. काळा शनिवार म्हणजे शनिअमावस्या. शनीचा धातू लोखंड, म्हणजे मेटल. आणि ते हेवी असतं हे कुणीही उचलून पाहावं. "मग सांगा, या बँडचं कुलदैवत नेवासे तालुक्यात आहे की नाही?" असं विचारून तो चहाचा घोट घेतो. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, हा पुरावाही तो जोडतो. शनिवार, तेल, ज्यू आणि नगर जिल्हा एका कटिंग चहात सांधणारा दुसरा माणूस अजून आढळलेला नाही. या बँडने आपलं नाव बोरिस कार्लॉफच्या एका भुताच्या सिनेमावरून उचललं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पण ते तो शेवटी सांगतो, आणि हळू आवाजात.

जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. कागदावर तो तसंच लिहितो, बोलताना नगर म्हणतो, आणि या जातीची माणसं इथे किती असं विचारलं तर "हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी" म्हणतो. वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी नागापूरच्या एमआयडीसीत, प्रेस शॉपमध्ये. केस एकेकाळी खांद्यापर्यंत होते. ते मुलगी पाहायला जाण्याच्या आदल्या दिवशी वडिलांनी समोर बसून कापून घेतले. उरलेले पुढे कुणाला कापावे लागले नाहीत.

त्याची भक्ती सॅबथच्या एकाच अल्बमवर आहे: 'पॅरानॉइड', सप्टेंबर १९७०. कॅसेट पुण्याच्या चुलतभावाकडून आली, 'ऐकून परत दे' या अटीवर. चुलतभाऊ अजून वाट पाहतो आहे. गाणी आठ, वेळ सुमारे ४२ मिनिटं. ही आठ गाणी क्रमाने आणि पूर्ण ऐकायची असतात. मधलंच एखादं लावणाऱ्या भाच्याला तो विचारतो, "पोथीचा सातवा अध्याय आधी वाचतो का रे तू?" भाचा पोथीही वाचत नाही, त्यामुळे या प्रश्नाचा परिणाम होत नाही.

या अल्बमच्या जन्मकथा मात्र तो अशा सांगतो की न ऐकणाराही थांबतो. अल्बमचं नाव आधी 'वॉर पिग्ज' ठरलं होतं. त्याला साजेसा ढाल-तलवारवाला माणूस मुखपृष्ठावर आला. मग कंपनीने नाव बदललं आणि चित्र तसंच राहिलं. "पत्रिका छापल्यावर नवरी बदलली, पण फोटो पहिलीचाच," हे त्याचं भाष्य. पॅरानॉइड हे गाणं तर भरतीचं. अल्बममध्ये तीनेक मिनिटं कमी पडत होती, म्हणून स्टुडिओतच वीस-पंचवीस मिनिटांत जुळवलेलं. पाहुणे वाढले म्हणून ऐनवेळी पिठल्याचं पातेलं चढवावं आणि पंगतीने पुरणपोळी बाजूला सारून पिठलंच मागावं, तसं झालं. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यानंतर या बँडला तो क्रमांक पुन्हा दिसला थेट २०१३ मध्ये.

चौथं गाणं 'आयर्न मॅन'. भाच्याच्या लेखी ते सिनेमातल्या लोखंडी सूटवाल्याचं. हा चिडतो, कारण गाणं १९७०चं आणि सिनेमा २००८चा. आत्याला समजावं म्हणून त्याने एकदा नावाचं मराठी केलं: लोहपुरुष. आत्या म्हणाली, "वल्लभभाईंवर इंग्रजांनी गाणं केलं? बरं झालं. ते इथेच किल्ल्यात होते ना." आता सरदार पटेल १९४२ साली नेहरू आणि मौलाना आझादांबरोबर नगरच्या किल्ल्यात कैदेत होते, हे खरंच आहे. त्यामुळे आत्याला खोडताही येईना. त्याने ही माहिती नाइलाजाने आपल्या संग्रहात जमा केली.

कारण संग्रह मोठा आहे. 'हेवी मेटलचं माहेर नगर' हा त्याचा न लिहिलेला प्रबंध, आणि त्यातलं एक प्रकरण खरोखर वजनदार आहे. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ विजापूरची नाही. ती १५४९ साली नगरला ओतली गेली, निजामशाहीत, मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिराच्या हातून. वजन सुमारे ५५ टन. तोंडाचा आकार जबडा वासलेल्या सिंहाचा, आणि दातांत चिरडले जाणारे हत्ती. "हे अल्बमचं कव्हर नाही तर काय आहे?" असं तो म्हणतो तेव्हा प्रामाणिक माणसाला मान हलवावीच लागते. इंग्रजांनी १८५४ मध्ये ती लिलावात काढली तेव्हा सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची आली आणि विक्री रद्द झाली. हे सांगताना तो असा कळवळतो, जणू तेव्हा आपल्याकडे दीडशे-एक रुपये नव्हते याचीच खंत आहे.

पाहुणा आला की तो त्याला रणगाडा संग्रहालय दाखवायला नेतो. १९९४ मध्ये सुरू झालेलं, पन्नासेक रणगाड्यांचं, पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटनसकट. तिथे रणगाड्याला वळसा घालताना तो 'वॉर पिग्ज'चा अर्थ सांगू लागतो. गाणं युद्ध लावून देऊन स्वतः घरी बसणाऱ्या सेनापतींवर आणि पुढाऱ्यांवर आहे. पहारेकरी जवळ आला की अर्थातून सेनापती गळतात, फक्त पुढारी उरतात.

अरणगावचं मेहेराबाद हे प्रबंधातलं सर्वांत नाजूक प्रकरण. 'द हू' हा बँड मेटल नव्हे, हे तो स्वतःच आधी कबूल करतो. "मेटल नाही, पण मेटलचे मामा," असं नातं लावून पुढे सरकतो. त्यांचा गिटारवादक पीट टाउनशेंड मेहेरबाबांचा भक्त. १९७१च्या 'बाबा ओ'रायली' या गाण्याच्या नावातले बाबा ते हेच, आणि समाधी नगरपासून हाकेच्या अंतरावर. १९७६ मध्ये याच बँडने लंडनच्या एका फुटबॉल मैदानावर १२६ डेसिबलचा आवाज काढला आणि जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून गिनेस बुकात गेला. गुरूंनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. दर १० जुलैला भक्त मौन पाळतात. त्या दिवशी आपला मेटलवाला हेडफोन लावतो. ही त्याची तडजोड आहे, आणि बाबांना चालली असती असं त्याचं मत आहे.

एवढं आवाजाचं प्रेम असूनही गणपतीतल्या डीजेचा तो कट्टर शत्रू. भिंतीएवढे स्पीकर चौकात आले की खिडक्या लावून घेतो आणि गोंगाटावर व्याख्यान देतो. शेजारी थक्क होतात. दहा महिने ज्याच्या खिडकीतून सॅबथ ऐकला, त्याच्याच तोंडून ध्वनिप्रदूषण ऐकायची त्यांची तयारी नसते. "डीजेत गिटार कुठे असते?" हा त्याचा प्रश्न. कायद्यात गिटारला सूट नाही, हे शेजाऱ्यांचं उत्तर.

बेंगळुरूची कर्नाटक एक्सप्रेस नगरला थांबते, ही त्याच्या मते रेल्वेने मेटलवर केलेली एकमेव मेहेरबानी. १७ मार्च २००७ला आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात वाजले ते बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर, आणि हा तिथे होता. घरी 'मित्राच्या बहिणीचं लग्न' असं सांगितलं होतं. परत आला तो मान एका बाजूला धरून. दोन तास डोकं गरगर फिरवल्याचा तो प्रसाद. नवरात्रात मोहट्याच्या देवीला घुमणाऱ्या बायका पाहिलेल्या आजीने एकच विचारलं, "अंगात आलं होतं का रे? कोण आलं होतं?" लग्नात मान अशी कशी झाली, हे मात्र आईने विचारलं, आणि त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारीला तेच लोक मुंबईत आले तेव्हा त्याने सरळ खरं सांगितलं. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत सगळा लवाजमा घेऊन आला होता. तमाशाच्या फडात शाहिरानेच ट्रक हाकावा तसं. वडिलांना ते गाणाऱ्यापेक्षा ड्रायव्हर म्हणून आवडलं.

आजीशी त्याचं पुढे छानच जमलं. तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली दोन बोटं मिटलेली, ही मेटलवाल्यांची खूण रॉनी जेम्स डिओने रूढ केली. मूळ गायक ओझी बँडमधून बाहेर पडल्यावर सॅबथमध्ये आलेला हा गायक. खूण त्याने आपल्या इटालियन आजीकडून उचलली होती. ती म्हातारी दृष्ट लागू नये म्हणून बोटं तशी धरायची. हे ऐकल्यावर नगरच्या आजीने मीठमोहरी ओवाळताना दुसऱ्या हाताने ती खूण करायला सुरुवात केली. कुठल्याही दृष्टीला हा दुहेरी बंदोबस्त झेपला नसता.

डिओ मोठा की ओझी, हा वाद नगरच्या तीन-चार मेटलवाल्यांत शैव-वैष्णवांच्या तोडीने चालतो. आपला गडी ओझीपंथी. ओझी ऑस्बर्न गायक होण्यापूर्वी गाड्यांचे हॉर्न तपासायच्या कारखान्यात होता, ही माहिती तो सोलापूर रोडवर ट्रकच्या मागे अडकला की हमखास देतो.

पण वाद कितीही रंगला तरी एका नावाशी आवाज खाली येतो. टोनी आयोमी, सॅबथचा गिटारवादक. बर्मिंगहॅमचा, वय १७, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला. नोकरीचा शेवटचा दिवस. बँडबरोबर बाहेर जायचं ठरलेलं. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आईने बजावलं की हातातलं काम नीट पुरं कर. तो गेला. प्रेसवरची बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून त्याला तिथे उभं केलं. प्रेस उजव्या हातावर आली, त्याने हात मागे ओढला आणि दोन मधल्या बोटांची टोकं मशिनीत राहिली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. डॉक्टरांनी गिटार विसर म्हणून सांगितलं. कारखान्याचा फोरमन घरी एक रेकॉर्ड घेऊन आला. ती होती जँगो राइनहार्टची. आगीत भाजल्यावर दोनच बोटांवर गिटार वाजवणारा माणूस. मग आयोमीने साबणाच्या द्रावणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामड्याचे तुकडे चिकटवले, आणि तारा बँजोच्या, पातळ, चढवल्या.

तारा उतरवल्यामुळे पॅरानॉइडचा आवाज जड झाला, असं कुणी म्हणालं की मेटलवाला बोट वर करतो. ते पुढच्या वर्षीच्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त. तिथे तारा दीड स्वर खाली आल्या. पॅरानॉइडमधला जडपणा बोटांचा आहे. सुपरवायझर म्हणून तो नव्या पोरांना प्रेसवर घेतो तेव्हा ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट असतेच. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, ती सोय टेप लावून बंद करायची नाही, प्रॉडक्शन गेलं खड्ड्यात. "आणि तुम्हाला गिटार पण येत नाही," हे शेवटचं वाक्य. पोरं हसतात. त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीकडे ती नंतर पाहतात. ती पहिल्या पेरापाशी संपते.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या ५ जुलैला, चौघं जुने सॅबथवाले बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर शेवटचे एकत्र वाजले. ओझी सिंहासनावर बसून गायला, उभं राहवत नव्हतं. गाणी चारच, आणि त्यांतली तीन पॅरानॉइडमधली. भरतीचं पिठलं सर्वांत शेवटी. इथे तेव्हा आषाढी एकादशी लागली होती. बाहेरच्या खोलीत आई टीव्हीवर पंढरपूरची महापूजा पाहत होती, आतल्या खोलीत हा मोबाइलवर डोळे लावून. पहाटे दोघंही डोळे पुसत स्वयंपाकघरात आले आणि दोघांनीही चहा उकळतोय याचं निमित्त केलं.

त्यानंतर सतरा दिवसांनी ओझी गेला. मेटलवाला काळ्या टीशर्टवर कामाला गेला, पण तो रोजच जातो, त्यामुळे सुतक कुणाच्या लक्षात आलं नाही. एका दिवसाआड दीपअमावस्या होती. आईने घासलेले दिवे पाटावर मांडले होते.

"किती वय होतं?" तिने विचारलं.

"शहात्तर."

"मग चांगलं जगले की." तिने वाती सारख्या केल्या. "लाव त्यांचं काही तरी. हळू लाव पण."

त्याने जरा विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा अध्याय वगळून तिसरं गाणं लावलं. 'प्लॅनेट कॅरव्हॅन' हे त्या अल्बममधलं एकुलतं एक शांत गाणं. त्यात आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो, आणि ढोलांवर कुणी हातानेच थापा मारत असतं. आईने ते शेवटपर्यंत ऐकलं.

"हे त्यांचंच?"

"हो."

"मग तीस वर्षं हे का नाही लावलंस?"