मोंद्रियान आणि खराट्याचे हीर

बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये १९७६ पासून एक उद्योग चालतो. संग्रहातलं एखादं चित्र किंवा शिल्प निवडायचं आणि त्यावरून सुचलेली पुष्परचना त्याच्या शेजारी मांडायची. तिथे राहणाऱ्या भाचीने याचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि आठवड्याच्या आत माझ्या बायकोच्या पुष्परचना मंडळाच्या स्पर्धेचा विषय ठरला.

व्हॅन गॉगची सूर्यफुलं पहिल्याच दिवशी तिघींनी अडवली. आता सूर्यफुलांच्या चित्रावरून सूर्यफुलंच मांडायची, तर त्यात सुचलं काय? चित्रातला रंगांचा तोल उचलावा, रेषेची लय उचलावी. हे मी चहा पिताना मोठ्याने बोललो. आमच्याकडे बोलेल त्याने राबायचं, असा कायदा आहे. हिने मोंद्रियान निवडला आणि मला मदतनीस नेमलं.

पीट मोंद्रियान म्हणजे काळ्या सरळ रेघा आणि त्यांच्यामधले लाल, पिवळे, निळे चौकोन. लाल गुलाब मिळाले, पिवळी शेवंती मिळाली. निळ्यापाशी घोडं अडलं. देवाने आभाळ आणि समुद्र रंगवताना निळ्याचा इतका सढळ वापर केला, की फुलांची पाळी येईपर्यंत डबी खरवडायची वेळ आली. गोकर्ण आहे, पण ती सकाळी खुडली की परीक्षक येईपर्यंत मिटून बसते. मंडईतल्या फुलवाल्याने निळे ऑर्किड काढून दिले. मूळचे पांढरेच, निळेपणा माझ्या बोटांना लागला.

रेघांचा प्रश्न त्याहून बिकट. ग्लॅडिओलसची दांडी आडवी ठेवली, तर रात्रीतून तिचा शेंडा वर वळतो. मोंद्रियानला तिरकी रेघसुद्धा खपत नसे, तिथे वाकडी कोण चालवून घेणार? शेवटी खराट्याचे हीर उपसून काळे रंगवले.

मग पानं. या गृहस्थाला हिरव्याचं भारी वावडं. पॅरिसच्या स्टुडिओत त्याने एक खोटा ट्युलिप ठेवला होता, त्याचं पानसुद्धा पांढरं रंगवलेलं! आणि चौकोनांवर पोट भरेना, तेव्हा हाच माणूस फुलांची चित्रं काढून विकत होता. ही हकिकत मी हिला वाचून दाखवली, ती का दाखवली कोण जाणे. सगळ्या गुलाबांची पानं खुडायचं काम मला मिळालं.

स्पर्धेत एका आजोबांनी आमची रचना बराच वेळ न्याहाळून "हा कुठल्या देशाचा झेंडा?" असं विचारलं. बक्षीस गेलं हळदणकरांच्या चित्रावरच्या रचनेला. तेच ते, हातातला दिवा दुसऱ्या हाताने झाकणारी स्त्री. लोक ते रविवर्म्याचं समजतात, पण आहे आपल्या सावळाराम हळदणकरांचं, जलरंगातलं, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये. ती रचना करणाऱ्या बाईंनी केळीचं एक वाळकं सोपट किंचित कललेलं उभं केलं होतं आणि त्याच्या आडोशाला एकच केशरी झेंडू ठेवला होता. दिवा नाही, स्त्री नाही, तरी येणारा प्रत्येक जण चित्राचं नाव घेत होता. परीक्षकांचा निकाल मला एकदम मान्य आहे. घरी मात्र अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या घरात कोणी या फंदात पडणार असेल, तर निळा रंग नसलेलं चित्र सुचवा. ते जमलं नाही, तर निदान खराटा नवा आणा. जुन्याचे हीर वाकलेले असतात.