खसखस पिकली

दिवाळीत मुलीला दुबईला अनारसे पाठवायचे होते. डबा भरून वर चिकटपट्टी मारून झाली आणि तिचा फोन आला, "बाबा, खसखस लावलेलं काही पाठवू नका. इथे ती अमली पदार्थांत धरतात." मी हसलो. "अगं, अनारसे खाऊन आजवर कोणी झिंगलेलं पाहिलंयस का?" अनारसे आम्ही दोघांनीच संपवले, खसखशीचं उरलेलं पाकीट हिने फडताळात ठेवलं.

पारल्यातला माणूस निवृत्त झाला की एकतर गाणं शिकतो, नाहीतर दुसऱ्याला काहीतरी शिकवतो. मला गळा नाही. म्हणून मी गॅलरीत सात कुंड्या मांडल्या आणि तीन महिन्यांत सोसायटीचा बागकामतज्ज्ञ झालो. खसखस किलोला हजाराच्या वर जाते हे हिच्या तोंडून ऐकलं आणि चिमूटभर एका कुंडीत टाकली. पुढच्या दिवाळीला घरची खसखस, हा हिशोब.

उगवली भरपूर. इतकी, की पाच रोपं मी उदार मनाने वाटूनही टाकली. जानेवारीत एका रोपाने कळी धरली. राखाडी हिरवी, करवतकाठी पानं आणि वर चार पाकळ्यांचं फिकट जांभळं फूल, पतंगाच्या कागदासारखं. दोन दिवसांत पाकळ्या गळल्या आणि मागे राहिलं एक हिरवं बोंड, डोक्यावर कंगोरेदार टोपी घातलेलं. मी त्याचा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'स्वतः पेरलेली, स्वतः वाढवलेली, शंभर टक्के सेंद्रिय.' एकवीस अंगठे आले.

बाविसावे अप्पा आले. स्वतः, जिना चढून. अप्पा कस्टममधून निवृत्त झालेले. विमान डोक्यावरून गेलं की अजूनही त्यांची मान संशयाने वर जाते. कुंडीसमोर उभे राहून त्यांनी चष्मा पुसला.

"काय हो, ही अफू तुम्ही स्वतः वाढवलीत?"

"खसखस आहे अप्पा."

"तेच म्हणतोय."

मग तिथेच, कढीलिंबाला टेकून, त्यांनी माझा वर्ग घेतला. खसखस हे अफूच्याच झाडाचं बी. १९८५च्या एनडीपीएस कायद्याने बोंडाचा चुरा धरलाय, बी सोडलंय. म्हणून वाण्याकडे मिळतं. पण तेच बी मातीत पडून उगवलं की झाड बेकायदेशीर. अफूची शेती फक्त मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठराविक भागांत होते, तीही केंद्र सरकारच्या परवान्यावर. बाकी कुठे लावलीत तर कलम १८, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. "२०१२ साली बीड जिल्ह्यात पोलिसांनी शेतंच्या शेतं पकडली होती. तिथेही खसखस लावली असंच सांगत होते."

हे सगळं मला अन्यायाचं वाटलं. रुळांच्या कडेला धोतरा माजलाय, तो पोटात गेला तर माणूस दगावतो, आणि आपण तो महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतो. त्याला काही नाही? "तो या कायद्याच्या यादीत नाही," अप्पा म्हणाले. "आणि भांगेचंही आत्ताच सांगून ठेवतो, तुमचा भरवसा नाही. नुसती पानं केंद्राच्या कायद्यात गांजा ठरत नाहीत, पण झाड लावणं गुन्हाच. शिवाय महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही परवाना मागतो."

वकील भाच्याला फोन लावला. तो आधी खूप वेळ हसला, मग म्हणाला, "मामा, मला माहीत नव्हतं असं म्हणून भागत नाही. कलम ३५ आहे. आरोपीला ठाऊक होतं असंच कोर्ट धरून चालतं. ठाऊक नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं."

म्हणजे माझं अज्ञान मलाच शाबीत करावं लागणार. ही लगेच साक्षीला तयार झाली. म्हणाली, माझ्याकडे एकतीस वर्षांचा पुरावा आहे.

कुंडी रिकामी करायला दोन मिनिटं पुरली असती. पण वाटलेल्या पाच रोपांचं काय? माझ्या घरातला गुन्हा मी चार घरांत आणि एका अनोळखी पिशवीत पोचवला होता, वर चहाही पिऊन आलो होतो. निघालो दारोदार. तीन रोपं आठवड्याभरातच मेली होती, असं लोकांनी संकोचत सांगितलं. माझ्या हातगुणाबद्दल इतकी कृतज्ञता मला आधी कधी वाटली नव्हती. चौथं दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे होतं, तुळशीशेजारी, हळदकुंकू वाहिलेलं.

"आजी, याला कीड लागलीय, परत न्यायला आलोय," मी म्हणालो.

"खोटं बोलू नकोस रे," आजी म्हणाल्या. "अप्पा सांगून गेला मला." मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आम्ही परळला चाळीत होतो. गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना बाळागोळी देऊन निजवत, अफूची. आठ तास पोर रडायचं नाही. शेजारचं एक मग उठलंच नाही."

मी येताना एक विनोद तयार करून आणला होता. तो गिळला आणि रोप मुळासकट काढलं. हळदकुंकू माझ्या बोटांना लागलं.

घरी येऊन सगळं उपटलं, बोंडासकट चेचून मातीत कालवलं. अप्पा पंच म्हणून उभे होते. ग्रुपवरचा फोटो काढायला गेलो तर वेळ टळून गेली होती, आता तो सगळ्यांच्या फोनवरून पुसता येत नाही. 'शंभर टक्के सेंद्रिय'सकट तो अजून तिथेच आहे, आणि त्याखाली रोज नवी खसखस पिकते.

राहिलं पाचवं. ते मी डिसेंबरात हनुमान रोडवर सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांना दह्याच्या डब्यातून दिलं होतं. नाव विचारलं नव्हतं. निळी कानटोपी, हातात कापडी पिशवी. थंडी सरल्यापासून ते दिसलेले नाहीत. वाचत असाल तर कृपा करून ते रोप उपटून टाका. डबा परत केला नाहीत तरी चालेल.