चेटूक-धर्माचे पहिले पुस्तक : इच्छुकांसाठी सूचना

‘विका’ या धर्मात शिरण्याचे ज्यांच्या मनात आले आहे, त्यांनी प्रथम शांत बसावे. झाडू विकत घेण्याची घाई करू नये. काळा झगा शिंप्याकडे टाकू नये. सुरुवात पुस्तकाने होते आणि बहुतेकांची तिथेच संपते, म्हणून निदान पुस्तक तरी पारखून घ्यावे.

मुखपृष्ठावरून काहीच कळत नाही. चंद्रकोर, पंचकोनी तारा, मेणबत्ती आणि केस मोकळे सोडलेली तरुणी, यांतल्या दोन-तीन गोष्टी प्रत्येक पुस्तकावर असतातच. तेव्हा थेट इतिहासाचे प्रकरण उघडावे. परीक्षा तिथे होते, तीही उभ्याउभ्या आणि फुकट.

धर्माचे वय किती लिहिले आहे ते आधी पाहावे. अश्मयुगापासून अखंड चालत आलेली परंपरा असे काही दिसले, तर पुस्तक होते तिथे ठेवून द्यावे. या समजुतीमागे मार्गारेट मरे नावाच्या विदुषी आहेत. बाई इजिप्तविद्येच्या जाणकार. १९२१ साली त्यांनी पुस्तक लिहून मांडले की, युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना मारले ते सगळे एका प्राचीन धर्माचे अनुयायी होते. इतिहासकारांनी हे पुढे पार खोडून काढले. पण १९२९ पासून सुमारे चाळीस वर्षे ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’त चेटूक या विषयावरचा लेख मरेबाईंचाच होता. ज्ञानकोशात छापलेले खोटे म्हणायला छाती लागते, आणि नव्या धर्माच्या उत्साहात ती कोणाकडे असते?

छापील पुराव्यांनी जे वय निघते ते फार लहान आहे. जेराल्ड गार्डनर हा इंग्रज गृहस्थ मलायात आधी रबराच्या मळ्यांवर आणि मग जकात खात्यात नोकरीला होता. १९३६ साली तो निवृत्त झाला. पेन्शनर मंडळी बाग फुलवतात, आत्मचरित्र लिहितात. याला धर्म सापडला. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या चेटकिणींच्या एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असे तो सांगे. त्या वेळी इंग्लंडात चेटकाविरुद्धचा १७३५ चा कायदा शाबूत होता, म्हणून १९४९ साली त्याने ही सामग्री कादंबरीच्या वेषात टोपणनावाने छापली. १९५१ मध्ये कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये ‘विचक्राफ्ट टुडे’ उघडपणे बाजारात आले. प्रस्तावना कोणाची? मरेबाईंची.

जे पुस्तक हे सगळे सरळ सांगते आणि वर म्हणते, ‘असेना का नवा, आम्हाला पटतो,’ ते घ्यावे. बाकी गुण नंतर पाहिले तरी चालतील.

आकडेही तपासावेत. युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या असे लिहिले असेल, तर लेखकाने ते दुसऱ्या पुस्तकातून उचलले आहे आणि त्या दुसऱ्याने तिसऱ्यातून. अभ्यासकांचा अंदाज चाळीस ते साठ हजारांचा आहे. तो काय कमी भयानक आहे, की शून्ये वाढवावी लागावीत? प्राचीन केल्टिक लोक देवीला बटाटे वाहत असत असे कुठे आढळले, तर मात्र पुस्तक विनोदी वाङ्मय म्हणून खुशाल घ्यावे. बटाटा दक्षिण अमेरिकेतून युरोपात पोहोचला तो सोळाव्या शतकात.

आता नावे. रेमंड बकलंड यांचे १९८६ चे निळे जाडजूड पुस्तक आपल्या लोकांना विशेष मानवेल, कारण त्यात पंधरा धडे आहेत, प्रश्न आहेत आणि उत्तरे शेवटी दिलेली आहेत. गाइड वाचून पास झालेल्यांना हे वातावरण घरचेच वाटेल. उत्तरे आधी पाहू नयेत, असे सांगण्यात अर्थ नाही.

ज्यांना परीक्षेचे भय वाटते त्यांच्यासाठी स्कॉट कनिंगहॅम. १९८८ चे हे पुस्तक एकट्याने धर्म पाळणाऱ्यांसाठी आहे, भाषा मऊ आहे आणि कोणी ओरडत नाही. गुरूविना दीक्षा नाही असे मानणारी जुनी मंडळी त्याच्यावर अजून दात खाऊन आहेत, ही त्याची आणखी एक शिफारस समजावी. त्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या बदामी केकची कृतीही आहे. साहित्य वाचल्यावर ही आपल्या करंजीची सारण हरवलेली बहीण वाटते. देवी प्रसन्न होवो न होवो, चहाची सोय होते.

स्टारहॉक यांचे ‘द स्पायरल डान्स’ १९७९ चे. घेताना दहा किंवा वीस वर्षांनंतरची आवृत्ती घ्यावी, कारण तिथे बाई टिपा लिहून स्वतःच्याच जुन्या मजकुराशी भांडतात. स्त्रीतत्त्व-पुरुषतत्त्वाच्या जोडीवर पूर्वी त्यांनी बराच भर दिला होता. पुढे तो त्यांनाच पटेनासा झाला. स्वतःची चूक छापून विकणारा धर्मलेखक दुर्मीळ. पैसे वसूल.

सणांच्या तक्त्याबाबत मेलबर्नच्या मराठी इच्छुकांनी सावध राहावे. तो इंग्लंडच्या ऋतूंवर बेतलेला आहे. तसाच पाळला तर ऐन उन्हाळ्यात हिवाळ्याची शेकोटी पेटवून बसाल.

रोनाल्ड हटन या इतिहासकाराचे ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ (१९९९) सगळ्यात शेवटी वाचावे. आधी वाचले तर बाकीची पुस्तके विकत घ्यावीशी वाटत नाहीत आणि पुस्तक-विक्रेत्यांचे नुकसान होते.

एवढे करून एखाद्या गार्डनर-परंपरेच्या मंडळात प्रवेश मिळालाच, तर तिथे छापील पुस्तकांना फारशी किंमत नाही असे कळेल. ‘बुक ऑफ शॅडोज’ नावाची मंडळाची विधींची वही असते, ती हाताने उतरवून घ्यायची. डोरीन व्हॅलिएंटे १९५३ मध्ये दीक्षित झाल्या, तेव्हा गार्डनरच्या वहीतला बराच मजकूर गूढविद्येवर लिहिणाऱ्या ॲलिस्टर क्रोलीचा आहे हे त्यांनी ओळखले आणि तोंडावर सांगितले. गार्डनर म्हणाला, जमत असेल तर तुम्हीच याहून चांगले लिहा. बाईंनी लिहिले. आज प्राचीन म्हणून जे म्हटले जाते, त्यातले पुष्कळसे त्यांच्या हातचे आहे. तेव्हा दोनशे पानी एकरेघी वही आत्ताच आणून ठेवावी, आणि अक्षर किरटे असेल तर आधी कित्ता गिरवावा.