पणजोबा कार्टमध्ये

वंशेतिहास म्हणजे कुटुंबाच्या मागल्या पिढ्यांचा कागदोपत्री माग, आणि ऑनलाइन अभिलेखागार म्हणजे जुन्या कागदांच्या प्रतिमा संकेतस्थळावर ठेवून उभा केलेला असा संग्रह, की ज्यामुळे संशोधकाला रेकॉर्ड रूममधली धूळ खावी लागत नाही आणि डोळे घरबसल्या बिघडवून घेता येतात. ज्या देशांत या दोहोंची गाठ आधी पडली, तेथे हा निवृत्त मंडळींचा छंद मानला जातो. इंग्लंडमध्ये जनगणनेची घरोघरची पत्रके शंभर वर्षांनी खुली होतात, आणि 1921 ची पत्रके जानेवारी 2022 मध्ये ऑनलाइन आल्यावर अनेकांना आपले खापरपणजोबा कोणत्या गल्लीत राहत होते आणि घरात किती भाडेकरू होते, हे चहा पिता पिता कळले. भारतात जनगणनेतला व्यक्तिगत तपशील 1948 च्या कायद्याने गोपनीय असल्यामुळे डहाणू तालुक्यातल्या रानशेत गावच्या एखाद्या पणजोबांविषयी इतकेच ठामपणे सांगता येते, की ठाणे जिल्ह्याच्या त्या वेळच्या एकूण लोकसंख्येत ते एक होते.

महाराष्ट्रात वंशेतिहास हा छंद नसून जोडपत्र आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो, कारण त्या दिवशी राष्ट्रपतींचा जमातींविषयीचा आदेश निघाला. इतर मागासवर्गासाठी हीच रेषा 13 ऑक्टोबर 1967 ही आहे. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूची गावातली जुनी नोंदवही, हे नाव एकाएकी घराघरांत पोचले, मोडी वाचणाऱ्यांना वरपित्यासारखा मान आला आणि स्कॅन केलेली पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढू लागली. पणजोबा हयात असताना त्यांची जितकी विचारपूस झाली नसेल, तितकी त्यांच्या पश्चात होऊ लागली, ती अशी.

डहाणू तालुक्यातले रानशेत या शोधासाठी मोठे सोयीचे गाव आहे, कारण येथे शोधात येऊ शकणाऱ्या बहुतेक सर्व अडचणी एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि सर्व्हे नंबर अशी पायरीपायरीने निवड करावी लागते, आणि पहिल्याच पायरीवर पालघर निवडावे लागते. हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्यापूर्वी ठाणे जिल्ह्यात जन्मून, ठाणे जिल्ह्यातच वारलेल्या माणसाला आपण पालघरचे आहोत याची कल्पना असण्याचे कारण नाही. 1739 पर्यंत पोर्तुगीज, मग मराठे, मग इंग्रज, मग मुंबई राज्य आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र, असा प्रवास या गावाने जागचे न हलता केला. शेजारच्या तलासरीत गुंता याहून मोठा आहे, कारण तो भाग पूर्वी उंबरगाव तालुक्यात होता आणि 1960 मध्ये त्या तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, त्यामुळे दोन सख्ख्या भावांपैकी एकाचे वंशज महाराष्ट्राच्या ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर आणि दुसऱ्याचे ‘एनीआरओआर’ या गुजरातच्या संकेतस्थळावर शोधावे लागतात.

नोंदणी करताना मोबाइलवर ओटीपी, म्हणजे काही मिनिटांत मरणारा अंक, येतो. डोंगराळ पाड्यांवर नेटवर्क अनेकदा चढावरच्या एखाद्या ठरलेल्या जागी मिळते आणि संगणक मात्र खाली बाजारपेठेतल्या सेवा केंद्रात असतो, त्यामुळे अंक आला तेव्हा संगणक नव्हता आणि संगणक मिळाला तेव्हा अंक मेला होता, असा योग वारंवार जुळतो. तो टळला, तर सर्व्हे नंबरापुढे फेरफाराचे, म्हणजे जमिनीवरचा हक्क बदलल्याच्या नोंदीचे, जुने पान समोर येते आणि संकेतस्थळ ते कार्टमध्ये टाकण्यास सुचवते. साबण, चप्पल आणि पणजोबा या तिन्ही वस्तू एकाच रीतीने कार्टमध्ये टाकता येतात, ही सोय याआधीच्या कोणत्याही राजवटीला जमली नव्हती. फरक एवढाच, की पणजोबा परत करता येत नाहीत.

पान उघडल्यावर नाव सापडेलच असे नाही. जुन्या कागदात जमीन बहुधा जमीनदाराच्या नावे असते, आणि ती कसणारा वारली जमातीचा माणूस, जो अनेकदा लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी म्हणून पिढीजात राबत असे, त्याची आठवण सावकाराच्या चोपडीने ठेवली तेवढीच. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली, आणि कित्येक घराण्यांचा लेखी इतिहास तेथून सुरू होतो. म्हणजे पुरावा हवा 1950 च्या आधीचा आणि नाव लागते 1957 नंतर. मधली सात वर्षे अर्जदाराने कोठून आणावीत, याचा रकाना अर्जात नाही.

नावांचेही एक शास्त्र आहे. वारली समाजात जन्मवारावरून नाव ठेवण्याची रीत जुनी असल्यामुळे सोमा, मंगळ्या, बुध्या आणि शुक्र्या ही नावे मुबलक आढळतात, आणि ‘सोमा’ असा शोध घेतल्यावर जे निष्पन्न होते ती वंशावळ नसून सोमवारांची यादी असते. शिवाय तलाठी, गुरुजी आणि वनरक्षक यांनी एकच आडनाव तीन प्रकारे लिहिलेले असते, आणि पडताळणी करणारे कार्यालय ती तीन घराणी धरते. वार पक्का असला तरी तारीख पक्की नसते, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरात गुरुजींनी अख्ख्या वर्गाचा जन्म 1 जूनला घडवून आणलेला असतो. त्या तारखेचे वर्चस्व पाहता पुढील शतकातील एखादा विद्वान सह्याद्रीच्या पायथ्याला माणसांचाही विणीचा हंगाम असे, असा सिद्धान्त मांडल्यावाचून राहणार नाही. आणि पणजी तर या सगळ्यात कोठेच नसते. मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिण्याचा शासनाचा नियम 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागू असल्यामुळे तिला अजून तीन-चार पिढ्या थांबावे लागेल.

कागदात नाव यायचे, तर पूर्वजाने सरकारला पैसे तरी द्यायला हवेत किंवा त्रास तरी. हरिद्वारच्या पंड्यांनी यजमानांच्या पिढ्या वह्यांत लिहून ठेवल्या, त्या वह्यांचे चित्रीकरण अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका वंशेतिहास संस्थेने केले, आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडेही अशा चोपड्या आहेत. परंतु या साऱ्या व्यवहाराला दक्षिणा लागते, आणि वेठीवरच्या माणसाला तीर्थयात्रेची रजा मिळत नसे. त्रासाचा मार्ग 1945 मध्ये वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकर या पुढाऱ्यांसोबत वेठबिगारीविरुद्ध उठून पत्करला, आणि ज्यांना आजवर कोणी विचारले नव्हते त्यांची सरकारला अचानक तपशीलवार माहिती हवीशी झाली.

1882 चे ठाणे गॅझेटियर ऑनलाइन आहे, पण त्यातल्या इंग्रजी अक्षरांवरच्या उच्चारखुणा ओसीआरला, म्हणजे छापील पानाचा मजकूर करणाऱ्या यंत्राला, मानवत नाहीत आणि डहाणूची भलतीच गावे होतात. तेथे जमातीचे वर्णन भरपूर आणि माणसाचे नाव शून्य. त्यापेक्षा मुंबईचे पाद्री जॉन विल्सन यांचा 1843 चा वारली आणि कातोडी यांच्यावरील लेख वाचावा. तुम्ही देवाला कधी रागे भरता का, असे पाद्र्याने विचारले असता, भरतो तर, कोंबडे दिले, बकरे दिले, तरी छळतोस, आणखी काय हवे, अशी झाडझडती घेतो, या अर्थाचे उत्तर वारल्यांनी बिनदिक्कत दिले. पणजोबांचे पणजोबा त्या घोळक्यात होते असे मानायला कोणाची हरकत नाही, आणि आजही सर्व्हर बंद पडल्यावर सेवा केंद्रात हीच भाषा ऐकू येते.

वनहक्क कायद्याच्या नियम 13 मध्ये मात्र एक शहाणपण शिरले आहे. तेथे वनजमिनीवरच्या दाव्याला पुरावा म्हणून गॅझेटियर, नकाशे आणि उपग्रहाची छायाचित्रे यांच्या पंगतीला गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही बसवले आहे. अट एकच, की तो वडीलधारा दावेदार स्वतः नसावा, दुसरा असावा. तेव्हा ज्यांना दावा लावायचा आहे त्यांनी लॉगिन करण्याआधी शेजारच्या म्हाताऱ्याशी चाललेले बांधाचे भांडण मिटवून घ्यावे.