‘तिकीट आधी, पासपोर्ट मग’ संप्रदायास अनावृत पत्र

प्रति,
समस्त कुटुंबप्रमुख,
‘तिकीट आधी, पासपोर्ट मग’ संप्रदाय,
मुक्काम: ट्रॅव्हल एजंटाचे कार्यालय

विषय: आपल्या अढळ श्रद्धेबद्दल जाहीर अभिनंदन

स. न. वि. वि.

विमानाची चार तिकिटे काढून, हॉटेलचे पैसे भरून आणि नात्यागोत्यात दवंडी पिटून झाल्यावर मग कपाटातले पासपोर्ट शोधायला बसण्याचे आपले धैर्य वंदनीय आहे. तुरी अजून बाजारात असतात आणि आपल्या घरी वरणाला फोडणी पडलेली असते. या धैर्यामागचा सिद्धांत असा दिसतो की पासपोर्ट ही एक वस्तू आहे आणि मागितली की ती येते. सिद्धांत सुरेख आहे, पण घराचा म्हणून पासपोर्ट नसतो. रेशनकार्ड कुटुंबाचे असते. पासपोर्ट मात्र माणशी एक, अगदी पाळण्यातल्या बाळालाही स्वतंत्र. प्रत्येकाची मुदत वेगळी, कागदपत्रे वेगळी, आणि निघायचे मात्र सगळ्यांनी एकाच विमानाने. म्हणून अर्ज कधी करायचा, हे घरातला सर्वांत कच्चा कागद ठरवतो. प्रवासाच्या तारखेला तो अधिकार नाही.

आता हा कच्चा कागद कुठे दडलेला असतो ते पाहा. मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षे चालतो. मुलांचा ५ वर्षे किंवा अठरावे लागेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर. आईबापांच्या पासपोर्टांवर वर्षे शिल्लक दिसतात आणि त्याच भरवशावर मुलाचा कधीच संपून गेलेला असतो. नवा काढायचा तर जन्मदाखला हवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर जन्मतारखेचा तेवढाच पुरावा चालतो. आपल्याकडे बाळ आधी येते, नाव बाराव्या दिवशी पडते, आणि नोंद मात्र इस्पितळातून त्याआधीच गेलेली असते; त्यामुळे कित्येक दाखल्यांवर नावाचा रकाना कोरा असतो. बारशाच्या घुगऱ्या वाटल्याने तो भरत नाही, त्यासाठी पालिकेत वेगळा अर्ज करावा लागतो. आईचे प्रकरण आणखी रंगतदार. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे; आणि लग्नात ताटातल्या तांदळांत पहिलेही नाव बदलून लिहिले असेल, तर कागदोपत्री त्या दोन वेगळ्या बायका. दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली प्रसिद्धी शोधावी लागते. तांदूळ पुरावा म्हणून चालत नाहीत.

यावर आपले हुकमी पान ठरलेले: ‘तत्काळ आहे की!’ आहे, जरूर आहे. माणशी २,००० रुपये जादा, म्हणजे चौघांचे ८,००० रुपये. पण तत्काळ रांग आखडते, कागद सुधारत नाही. कोरा रकाना साध्या अर्जात जितका कोरा, तितकाच तत्काळमध्येही कोरा. पासपोर्ट सेवा केंद्रात अ, ब, क अशा तीन खिडक्या ओलांडायच्या असतात. अ वर फोटो आणि बोटांचे ठसे, ब वर कागदांची तपासणी, क वर मंजुरी. जादा पैसे भरणारा पहिल्या खिडकीशी लवकर पोहोचतो, आणि कागद अपुरा असेल तर परतही लवकर येतो.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा, म्हणून अधिक आदरणीय: मुदत शिल्लक असताना नवा काढला तर उरलेले महिने फुकट जातात. खरे आहे, ते नव्या पासपोर्टात जोडून मिळत नाहीत. तर हिशेबच करू. १,५०० रुपयांत १२० महिने, म्हणजे महिना साडेबारा रुपये; एवढ्यात आता वडापावही येत नाही. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नव्यासाठी अर्ज करता येतो, म्हणजे नुकसान फार तर दीडशे रुपयांचे. त्यातही सिंगापूर, दुबई, इंडोनेशिया अशा ठिकाणी पोहोचताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांना परतीच्या तारखेनंतरचे तीन महिने हवे असतात. म्हणजे जे शेवटचे महिने आपण कवडीकवडीने राखता, त्यांवर तिथे जाताच येत नाही. नाणे चलनातून बाद झाल्यावर ते पुरचुंडीत बांधून ठेवण्यातलाच हा प्रकार.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: परदेशप्रवास हा आमचा हक्क, मग सरकारच्या सोयीने आम्ही का धावावे? हक्काबद्दल वाद नाही. मेनका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो कलम २१ खालच्या व्यक्तिस्वातंत्र्यात धरला, आणि पासपोर्ट रोखायचा तर न्याय्य पद्धतीनेच रोखावा लागेल असे बजावले. पोलीस पडताळणी रेंगाळते, सुट्ट्यांच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाही, ही गाऱ्हाणीही खोटी नाहीत. पण गाऱ्हाणे मांडायलाही हाताशी दिवस लागतात. ज्याच्याकडे सहा महिने आहेत तो तक्रार करतो, विचारणा करतो, दाद मागतो. ज्याच्याकडे सहा दिवस आहेत तो ओळखीचा माणूस शोधतो. आधी अर्ज करणारा सरकारपुढे झुकतो असे आपण म्हणता, पण खिडकीशी ताठ मानेने उभे राहणे त्यालाच परवडते.

तेव्हा एक नम्र सूचना. आपण मुहूर्त मानणारी माणसे आहोत, आणि पासपोर्टाला साजेसा मुहूर्त पंचांगात आयताच आहे. दसरा. सीमोल्लंघनाचा दिवस. त्या दिवशी कचेरी बंद असते, पण अर्ज ऑनलाइन भरता येतो. चारही पासपोर्ट टेबलावर मांडून मुदती वाचाव्यात, कोरे रकाने हेरावेत आणि आधी आईवडिलांचे काम उरकावे; त्यांचे पासपोर्ट वैध असले की मुलांचे पुढे सोपे जाते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात; म्हणजे मेच्या सहलीसाठी ते दार दिवाळीच्या सुमारास उघडते. तोवर पासपोर्ट हाती असतील. तिकिटे त्यानंतर काढावीत. त्यात थरार उरणार नाही, ही या सूचनेतली उणीव आम्हाला मान्य आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मुदतीची पाने आधी वाचणारा एक अरसिक