साखळी वाजवी आहे

आमच्या गल्लीतल्या बंगल्यात गाडीला पत्र्याची शेड आहे, वर कापडी कव्हरही. कुत्र्याला फाटकाचा गज. साखळी इतकी बेताची की पाण्याच्या पातेल्यापर्यंत फक्त जीभ पोचते. पातेलं बहुतेक वेळा कोरडंच असतं, तेवढीच जिभेची मेहनत वाचते.

मालकांना हटकलं. म्हणाले, "कायद्यात साखळीची लांबी दिलीय का?"

नाही हो दिलेली. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात एवढंच आहे, की ‘अवाजवी’ आखूड किंवा जड साखळीनं ‘अवाजवी’ वेळ बांधू नका. अवाजवी म्हणजे किती हात? जर्मन लोक खांद्याची उंची मोजून पिंजरा ठरवतात. पन्नास सेंटिमीटरपर्यंतच्या कुत्र्याला किमान ६ चौरस मीटर. (मुंबईत एवढ्यात बेडरूम काढून विकतात.) शिवाय दिवसातून दोनदा मिळून तासभर बाहेर फिरवायचं. आपल्याकडेही बांधून ठेवलेल्या कुत्र्याला ‘वाजवी’ फिरवा असं कलम आहे. त्यात मांजर नाही. मांजराचा फेरफटका संसदेनं मांजरावरच सोपवला.

आता दंड ऐका. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. पन्नास! पन्नासात दोन वडापाव येतात, तेही चटणीबद्दल फार चौकशी न करता. ती साखळीसुद्धा पन्नासात येत नाही. म्हणजे गुन्ह्याचं हत्यार महाग आणि गुन्हा स्वस्त. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर २५ ते १००, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षं आणि एक दिवस दम धरलात की पाटी कोरी, पुन्हा दहापासून सुरुवात. मालक हिशेबी आहेत, दम धरतील. आणि मी? औषधाच्या दुकानापुढे पाच मिनिटं स्कूटर लावली, तर पाचशेची पावती! माझ्या स्कूटरनं कोणाला उन्हात बांधलं होतं? कोणाचं पाणी तोडलं होतं? मुकं जनावर दहा तास डांबरावर पाय बदलत उभं राहतं त्याचे पन्नास, आणि पिवळी रेघ माझ्या चाकाखाली आली तिचे पाचशे! रेघेला चटके बसतात काय?

असो. काल दुपारी मीच पातेलं भरून पुढे सरकवलं. कुत्रा प्यायला, मग गाडीकडे निघाला. गाडीखाली सावली आहे. मांजर तिथं आडवं पसरलेलं होतं.

साखळी चार बोटं कमी पडली.